मन्नूबियाच्या डोक्यातली तारकापेशी

मी बोलतेय, पण कुणाच्या कानावर पडावं असं नाही. मी राहते तिथे कान नाहीत, डोळे नाहीत, उजेडही नाही. अरबी बोलणाऱ्या मुलखातल्या नाबुल गावच्या मन्नूबिया नावाच्या बाईच्या डोक्यात, कानाच्या आतल्या अंगाला बरंच खोल, समुद्रघोड्यासारखी वळलेली एक वळकटी आहे. दिवसभरात जे घडतं ते आधी तिथे येऊन पडतं, मुरतं, आणि मग त्याची आठवण होते. त्या वळकटीच्या काठाला माझं बिऱ्हाड आहे. मी एक तारकापेशी.

नाव ऐकून हुरळू नका. आकार चांदणीसारखा, म्हणून तारका. एरवी आमच्या जमातीला पुस्तकात श्लेषपेशी म्हणतात, आणि श्लेष म्हणजे चिकटवण. जुन्या विद्वानांनी डोक्यात डोकावून पाहिलं तेव्हा त्यांना चेतापेशी दिसल्या. लांबलचक दोऱ्यांच्या, झगमगीत, सतत एकमेकींना निरोप धाडणाऱ्या. मधल्या जागेत दाटीवाटीनं बसलेल्या आम्ही त्यांना डिंक वाटलो. विचार करणाऱ्या त्या. त्यांना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या आम्ही.

नव्यानं सासरी आलेल्या कुठल्याही मुलीला हे सांगा. तिला समजावून सांगावं लागणार नाही.

माझं काम तुम्हाला ओळखीचं वाटेल. माझा एक पाय केसाहून बारीक अशा रक्ताच्या नळीवर टेकलेला असतो. तिथून साखर घ्यायची, शिजवून हलकी करायची आणि शेजारच्या चेतापेशीला वाढायची. दोघी चेतापेशी बोलायला लागल्या की मध्ये त्यांचे रस सांडतात. ते वेळेवर पुसले नाहीत तर पोळतात, म्हणून ते पुसायचं. मन्नूबिया गाढ झोपली की पाणी सोडून सगळी आळी धुवायची. हे सगळं करून हात मोकळे राहिले तर आमच्या आमच्यात बोलायचं. आमचं बोलणं कडकडत नाही. ते लाटेसारखं येतं, एकीकडून दुसरीकडे हळूहळू सरकतं, आणि पोचेपर्यंत आपण काय म्हणालो होतो ते पाठवणारीही विसरून गेलेली असते.

माझी सख्खी शेजारीण मात्र चेतापेशी. बडबडी. मला लाडानं ‘डिंके’ म्हणते.

“डिंके, ऐकलंस का? बाहेर वसंत आला.”

मला बाहेरचं जे काही कळतं ते तिच्याकडून, आणि थोडंफार रक्ताच्या चवीवरून.

मन्नूबिया पाळण्यात होती तेव्हा मी जन्मले, म्हणजे आम्ही दोघी एका वयाच्या. तिच्या लहानपणचा सगळ्यात जुना दिवस माझ्या शेजारणीनं जपून ठेवलाय. अंगणात पांढऱ्या चादरी पसरलेल्या आहेत, चादरींवर कडू संत्र्याच्या फुलांचे ढीग, आणि त्या ढिगांत एक मुलगी कोपरापर्यंत हात घालून बसली आहे. त्या फुलांना तिथे झहर म्हणतात. तुमच्या कानाला जहर ऐकू येईल, पण आमच्याकडे झहर म्हणजे फूल आणि झहर म्हणजे नशीबही.

वसंतात घरोघरी तांब्याचे हंडे चुलीवर चढतात. हंड्यात फुलं आणि पाणी, वर घुमटासारखं टोपण, टोपणातून निघालेली नळी, आणि नळीच्या टोकाशी वेताच्या जाळीतली काचेची बाटली. थेंब, मग पुन्हा थेंब. पहिली धार इतकी दाट सुगंधी असते की डोळ्यांत पाणी येतं. मग ती विरत जाते. कुठे थांबायचं हे फक्त नाक सांगतं. थोडं आधी थांबलात तर सुगंध हंड्यातच राहिला. थोडं उशिरा थांबलात तर बाटलीभर पाणी बेचव झालं.

मन्नूबियाची आई चमच्यात थेंब धरून पोरीच्या नाकाखाली न्यायची.

“आता?”

“अजून.”

“आता?”

“बास!”

त्या ‘बास’ला आमच्या अख्ख्या आळीत दिवाळी व्हायची. शेजारीण लखलखायची, मी साखर वाढता वाढता दमायचे, आणि मग आमची ती हळू लाट निघायची, वळकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू कुणी अंधारात पांढरी चादर झटकली.

पुढे ते नाक गावभर झालं. आजूबाजूच्या बायका आपापल्या हंड्यापाशी मन्नूबियाला बोलवून न्यायच्या. तिचा नवरा अम्मार, मानानं सी अम्मार, मोपेड दुरुस्त करायचा. हाताला कायम तेलाचा वास, आणि कॉफीत बायकोनं गाळलेल्या झहराचे दोन थेंब. गिऱ्हाइकांना सांगायचा, “नाक माझ्या बायकोचं. मिरवतो मी.”

सी अम्मार एका हिवाळ्यात गेला. आजारी पडला, बरा होतोयसं वाटलं, आणि गेला.

मन्नूबिया तेव्हा रडली. ते रडणं मला ठाऊक होतं, त्याची खारट चव रक्तात ओळखीची होती. लोक आले, वाफवलेल्या कूसकूसच्या पराती आल्या, कुराणाचं पठण झालं. मग लोक परत गेले, आणि त्यानंतर जे आलं त्याला चवच नव्हती.

इथे मला एका शब्दाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे दोन माणसं भेटली की एक विचारतो, “लाबास?” दुसरा सांगतो, “लाबास.” ‘बास’ म्हणजे दुखणं, वाईट. ‘ला’ म्हणजे नाही. काही वाईट नाही ना? काही वाईट नाही. प्रश्नही तोच, उत्तरही तेच. सूर शेवटी वर गेला की खाली आला, एवढाच फरक. एरवी मोठा सोयीचा शब्द. रस्ता ओलांडता ओलांडता चारचौघांची खुशाली घेऊन होते, कुणी खोळंबत नाही. पण ज्याच्या आत काही बिघडलंय त्याला लपायला याच्यासारखी जागा नाही. विचारणारा स्वतःच हातात उत्तर देतो; आपण फक्त ते परत करायचं.

पाववाला विचारायचा, लाबास? मन्नूबिया म्हणायची, लाबास. राजधानीतून मुलगी मुफीदा फोनवर विचारायची. मुलगा लुतफी बापाचं दुकान चालवत होता, तो रोज दुपारी दारात चपला काढता काढता विचारायचा. लाबास, बाळा, लाबास.

आणि आत?

आत संकटाची घंटा वाजत होती. संकट आलं की रक्तात एक कडवट रस सुटतो. तो चांगलाच असतो, माणसाला पळवतो, लढवतो. संकट टळलं की तो थांबायला हवा. मन्नूबियाच्या रक्तात तो थांबेना. झोप तुटक झाली, त्यामुळे आमची आळी धुवायची राहू लागली. केर साचला. आळीच्या पहारेकरी पेशी असतात, बुटक्या, इमानी. त्या चिडचिड्या झाल्या, सावलीलाही दंडुका मारायला लागल्या.

आणि मी आखडत गेले. आधी एक हात शेजारणीपर्यंत पोचेनासा झाला. मग दुसरा. रक्ताच्या नळीवरचा पाय सैल पडला. माझ्यासारख्या पलीकडे पुष्कळ होत्या. लाट पाठवली की त्यांच्याकडून उलटून यायची, ती हळूहळू यायची बंद झाली. चांदण्या विझतात तेव्हा आवाज होत नाही. फक्त मध्ये काळोख वाढतो.

शेजारणीच्या फांद्यांवर बारीक कळ्या असतात, त्यांच्यातूनच ती दुसऱ्यांशी बोलते. त्या गळायला लागल्या.

“डिंके,” ती एकदा म्हणाली, “माझं बोलणं कुणापर्यंत जातच नाही गं.”

दुःखानं मी आखडले, की मी आखडल्यामुळे ते दुःख निघेना, हे मला विचारू नका. मोठमोठी माणसं अजून त्याचाच शोध घेताहेत. मी आत राहते, एवढंच. घरात राहणाऱ्याला घर केव्हा खचायला लागलं ते सांगता येतंच असं नाही.

लुतफीचं लग्न झालं. सून आली ती डोंगरातल्या काफ गावची, शिराज नावाची. घरात ती आहे हे सुरुवातीला भांड्यांच्या आवाजावरूनच कळायचं, आणि भांडीही ती जपून ठेवायची. मात्र बघायची खूप. कोण कुठला पेला घेतं, कोण ताटात काय बाजूला सारतं, सगळं.

वसंत आला आणि शेजारची तुर्किया अंगणात येऊन बसली. तुर्किया म्हणजे जिभेला हाड नाही अशी बाई, पण मन्नूबियाची लहानपणापासूनची. हंडा चढला. शिराजनं फुलं निवडली. धार सुरू झाली, आणि चमचा मन्नूबियाच्या नाकाखाली गेला.

आम्ही सगळ्या श्वास रोखून होतो.

“डिंके,” शेजारीण म्हणाली, “निरोप आलाय, पण कोरा. वास आहे. त्याच्याबरोबर जे यायचं ते नाही. ना चादरी, ना आई, ना अम्मार.”

“आता, लल्ला?” शिराजनं विचारलं; थोरल्या बाईला आमच्याकडे मानानं लल्ला म्हणतात.

“अजून,” मन्नूबिया म्हणाली. मग पुन्हा, “अजून.” ते जुनं ‘बास’ आलंच नाही. बाटली भरली, वाहिली, आणि ती नळीकडे बघत राहिली. एखादी बाई बस निघून गेलेल्या रस्त्याकडे बघत राहते, तशी.

शेवटी तुर्कियानंच चूल विझवली. बोट बुडवून चाटलं. “अगं मन्नूबिया, हे झहराचं पाणी की फुलदाणी विसळल्याचं?”

मन्नूबियाची नजर नळीवरच.

“साठी गेली, सत्तरी गेली, मागे बुद्धी एकटी किती दिवस थांबणार, नाही का गं शिराज?”

तुर्कियानं ते हसण्यावारी नेलं, पण दारात लुतफी उभा होता.

पुढच्याच आठवड्यात दूध उतू जाऊन गॅस विझला आणि घरभर वास पसरला. शिराज वेळेवर आली म्हणून बरं. त्या दुपारी लुतफीनं बहिणीला फोन केला, आणि भिंती पातळ असल्यानं तो सगळ्यांनी ऐकला.

“मुफीदा, उम्मी विसरायला लागलीय. तिला आगीपाशी ठेवायची मला भीती वाटते. मी दुकानात, शिराज नवीन… तुझी मागची खोली रिकामी कर. ईद झाली की आणून सोडतो.”

मुफीदाची मागची खोली चौथ्या मजल्यावर होती. तिला अंगण नव्हतं, शेजार नव्हता. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची खिडकी. मन्नूबियाची ती जागा नव्हे हे लुतफीलाही कळत होतं. त्याचा आवाज सांगत होता. पण म्हातारपणाला माणूस काय करणार?

माझा जीव टांगणीला लागला तो इथे. ते म्हातारपण नव्हतं. म्हणजे निव्वळ म्हातारपण नव्हतं. पण एकदा ‘विसरते’ असं ठरलं की पुढे कुणी काही शोधत नाही. त्या खोलीत मन्नूबिया खिडकीशी बसली असती, मुफीदानं प्रेमानं जेवू घातलं असतं, आणि आत एकेक दिवा मालवत आम्ही संपलो असतो. तिनं कुणाला तरी खरं सांगायला हवं होतं. आणि तिच्याकडे शब्द होता तो एकच.

लुतफी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

“लाबास, लल्ला?” डॉक्टरीणबाईंनी हसून विचारलं.

“लाबास, देवाची कृपा.”

“आज वार कुठला?”

“काय करायचंय मला वार जाणून?”

“बघा,” लुतफी हळूच म्हणाला, “हे असं.”

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं आणि पुन्हा यायला सांगितलं. त्यांच्या दाराबाहेर रांग लागली होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी प्रश्न विचारला होता आणि उत्तर मिळालं होतं.

मधल्या काळातली एक दुपार. घर जेवून सुस्तावलेलं. स्वयंपाकघरात सासू-सून मटार सोलत बसल्या होत्या; म्हणजे शिराज सोलत होती, आणि मन्नूबियाच्या हातात एकच शेंग होती. शिराजचा फोन वाजला. काफहून तिची आई.

“लाबास, उम्मी,” शिराज म्हणाली. “हो, जेवते. नाही, सगळे चांगले आहेत. लाबास, लाबास.”

फोन ठेवून ती पुन्हा सोलायला लागली. मान खाली.

“खोटारडी,” मन्नूबिया म्हणाली.

शिराज दचकली.

“डोळे पूस. मटारात मीठ पडतंय.”

शिराजनं डोळे पुसले. या मुलीनं सासूला आजवर उलटा शब्द दिला नव्हता, सुलटेही मोजकेच दिले होते. पण त्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं. “तुम्हीपण खोटंच सांगता, लल्ला. पाववाल्याला सांगितलंत. तुर्किया लल्लाला सांगितलंत. लुतफीला सांगितलंत. मी सगळं ऐकते.”

नळाचं पाणी ठिबकत होतं. आणि आत, कितीतरी दिवसांनी, मला दुरून एक लाट येताना जाणवली. अशक्त होती. कुठे उठली होती कोण जाणे. पण ती येत होती.

“तुला घरची आठवण येते,” मन्नूबिया म्हणाली. “येते म्हणजे ती तुझ्याकडे आहे. मला येत नाही, पोरी. अम्मारची आठवण आली तर मी रडेन तरी. ती दारापर्यंत येते, आत बघते आणि परत जाते.”

“म्हणून विसरता?”

“कोण विसरतं? तुझ्या मावशीनं लग्नात हिरवा झगा घातला होता, तो तिच्या जावेचा. बटणं काजांपर्यंत पोचत नव्हती, म्हणून वरून शाल घेतली होती. भर उन्हात. आठवतं मला.”

शिराजला हसू आलं आणि ते तिनं गिळलं. “मग दूध?”

मन्नूबियानं हातातली शेंग खाली ठेवली.

“दूध मी बघत होते. ते वर आलं, उतू गेलं, ज्योत विझली. सगळं बघत होते. उठावंसं वाटलं नाही. सकाळी डोळे उघडतात तेव्हाही असंच वाटतं, कशाला उघडले.”

शिराजनं सासूचा हात धरला. तिला तेवढंच चांगलं येत होतं, आणि त्या घडीला तेवढंच हवं होतं.

“लुतफीला सांगू नकोस,” मन्नूबिया म्हणाली. “मोठा होईतो त्यानं मला रडताना पाहिलेलं नाही.”

“मी नाही सांगत,” शिराज म्हणाली. “तुम्ही सांगा. त्याला नको, डॉक्टरांना. मी बरोबर येते.”

शिराज बरोबर गेली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. रक्ताचे कागद ठीक होते. लुतफीनं उतू गेलेल्या दुधाची हकिगत सांगितली, बाटलीची सांगितली. मग डॉक्टरीणबाई मन्नूबियाकडे वळल्या.

“आणि तुम्ही? लाबास?”

मन्नूबियानं तोंड उघडलं. एवढी वर्षं जिभेवर बसलेला शब्द, तो आपणहून निघाला.

“ला…”

आणि ती थांबली. तिनं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं.

“लाबास आहे, डॉक्टर,” लुतफीनं सवयीनं पुरं केलं. “तशी तब्येत…”

डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. उरलेला अर्धा शब्द येतो का म्हणून त्या वाट बघत राहिल्या. तो आला नाही.

“ला,” मन्नूबिया पुन्हा म्हणाली.

नाही.

खोलीत एवढंसं काही बदललं, की बाहेरच्या माणसाला कळलंही नसतं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढली आणि म्हणाल्या, “सांगा, लल्ला. काल दिवसभरात कशात जीव रमला?”

“कशातच नाही.”

“परवा?”

“तुमच्या केसांना पांढरं नव्हतं तेव्हापासून नाही.”

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी डोक्याला हात लावला. मग मन्नूबिया बोलली. दुधाचं बोलली, सकाळचं बोलली, ताटातलं अन्न वाळूसारखं लागतं तेही बोलली. लुतफीनं ऐकलं. तेल बसलेली नखं तो अंगठ्यानं खरवडत राहिला.

“उम्मी,” शेवटी तो म्हणाला, “मला का नाही सांगितलंस? मी रोज विचारत होतो.”

“तू शब्द देत होतास, बाळा. मी शब्द परत करत होते. देवाणघेवाण चोख होती.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे म्हातारपण नाही. म्हणजे म्हातारपण आहे, ते मलाही येतंय. पण त्याच्या आडून दुसरा आजार घरात शिरलाय. मनाचा म्हणा, डोक्याचा म्हणा, एकच. त्याच्यावर इलाज आहे. हळू होतो. गोळी घ्यायची, माझ्याकडे बोलायला यायचं, रोज चालायचं, आणि एकटं बसायचं नाही. स्मरणशक्ती नंतर पुन्हा तपासू.”

“आणि ईदनंतर?” लुतफीनं विचारलं. “बहिणीनं खोली रिकामी केलीय.”

“ते तुम्ही आईलाच विचारा ना.”

लुतफीनं विचारलं नाही. “बघू,” म्हणाला. भीती अशी एका भेटीत जात नाही.

गोळी रक्तातून आली तेव्हा मला तिची चव ओळखता आली नाही. पहिले काही आठवडे नुसती मळमळ. मन्नूबिया कुरकुरायची, शिराज तिला बाजारापर्यंत चालवत न्यायची, आणि वाटेत दोघी एकमेकींना तो शब्द सोडून काहीही विचारायच्या. पाय दुखतोय का? भेंडी कोवळी आहे का? तुझी आई तुला रागावायची कशावरून?

मी काही अपेक्षा ठेवली नव्हती. आखडलेल्याला आखडण्याची सवय होते. पण झोप जरा सलग झाली आणि कितीतरी काळानं आळीतून पाणी फिरलं. पहारेकरी पेशींनी दंडुके खाली घेतले. एकदा कळलं, माझा एक हात लांबतोय. किती दिवस लांबत होता कोण जाणे. काळोखात चाचपडत गेला आणि एका ओळखीच्या फांदीला लागला.

“डिंके? तू आहेस अजून?”

“आहे.”

“मला वाटलं, गेलीस.”

“मलाही तसंच वाटलं होतं.”

तिच्या फांदीवर दोन-चार नव्या कळ्या होत्या. सगळ्या परत आल्या असं मी म्हणणार नाही. माझ्या पलीकडे जिथे एक जुनी मैत्रीण असायची, तिथे आता पोकळी आहे, आणि लाट तिथे पोचली की वळसा घालून जाते.

उन्हाळा संपता संपता मिरच्या लाल झाल्या, आणि ईदही जवळ आली. नाबुलमध्ये तेव्हा भिंती दिसत नाहीत, मिरच्यांच्या माळा दिसतात. अंगणात शिराज देठ काढत होती आणि मन्नूबिया सावलीत बसली होती. तुर्किया आली. आजारी माणसाकडे जावं तशी, आवाजात मध घालून.

“शिराज, तिला ऊन लागत नाही ना गं? जेवली का ती? मिरचीला हात लावू देऊ नकोस हं तिला, विसरून डोळे चोळील.”

“‘ती’ कोण गं, तुर्किया?”

तुर्कियानं मिरच्यांवरून नजर उचलली. मी रक्ताच्या नळीवर पाय घट्ट रोवला. काहीतरी येत होतं.

“मी इथे बसलेय. तुझ्या आणि हिच्या मधोमध. जिवंत आहे. जेवलेय. आणि विसरण्याचं म्हणशील, तर मागल्या वर्षी तू गावभर हरीसाची चटणी वाटलीस ना, त्यात अर्धी मिरची आणि अर्धं गाजर होतं, ते मी विसरलेले नाही.”

“गाजर! माझ्या हरीसात गाजर?”

“गाजर. तेही जून, तुझ्यासारखं.”

“अगं, लोक काय म्हणतील!”

“म्हणतातच आहेत. मी एकटीच तुझ्या तोंडावर सांगतेय.”

तुर्कियाचा चेहरा मिरचीला लाजवील इतका लाल झाला. तिनं पदर खोचावा तसा डोक्याचा रुमाल आवळला आणि म्हणाली, “शिराज, मला पाट दे. आता मी उठत नाही.”

दारात लुतफी एका पायात चप्पल, एक चप्पल हातात, असा उभा होता. तो उंबऱ्यावरच बसला. खिशातून फोन काढला.

“मुफीदा,” तो म्हणाला. “तुझं सामान परत त्या खोलीत लाव. उम्मी भांडतेय.”

“कोणाशी?” फोनमधून आवाज आला.

“तुर्किया लल्लाशी.”

“जिंकतेय?”

लुतफीनं अंगणाकडे पाहिलं. “जिंकतेय,” तो म्हणाला.

तर मंडळी, माझी हकिगत ही एवढी. मी पूर्वीसारखी नाही. हात काही आले, काही आलेच नाहीत, आणि पुढच्या हिवाळ्यात काय होईल हे मला सांगता येत नाही. आमचं दुखणं बाहेरून दिसत नाही. ते पांढऱ्या केसांखाली गपचूप बसून राहतं आणि लोक केसांनाच कारण समजतात. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस ताटावरून अर्धवट उठत असेल, आवडीच्या गोष्टीकडे पाठ करून बसत असेल, तर वयाच्या माथी मारून मोकळे होऊ नका. जवळ जाऊन बसा. डॉक्टरांकडे न्या. आत आम्ही असतो, आखडलेल्या, विझायला आलेल्या, पण पुष्कळदा अजून पुरत्या विझलेल्या नसतो.

आणखी बोलले असते, पण आता निघायला हवं. अंगणात तुर्कियानं पाट पुढे ओढलाय, मन्नूबियाला गेल्या साताठ वर्षांतल्या बऱ्याच गोष्टी एकदम आठवल्यात, आणि शेजारीण हाका मारतेय. भांडणाला साखर फार लागते.